नळदुर्गच्या साहेबाचा पगार

लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या घरात मी वाढलो. म्हणूनच की काय, कोणाचेही आत्मचरित्र हाती आले की माझे लक्ष आधी जमाखर्चाकडे जाते. मेडोज टेलरचे ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ यंदा पुन्हा वाचले तेही याच खोडीपायी. ठगांवरच्या कादंबरीमुळे टेलर सर्वांना ठाऊक आहे. पण त्याला पगार कोण देत होते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

लिव्हरपूलचा हा मुलगा १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, व्यापार शिकायला मुंबईस आला. पाहतो तो पेढी डबघाईला आलेली! एका नातलगाच्या शब्दावर त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. ही फौज मोठी विचित्र होती. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. कंपनीचा नोकर नसल्यामुळे कंपनीचा दर्जा टेलरला लाभला नाही. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, ही सल पुस्तकभर जाणवते. ठगांचे यश स्लीमनच्या पदरी पडले, हे दुःखही तो लपवीत नाही.

१८३२ साली हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी त्याने केली. हे सासरे म्हणजे एकेकाळचे बडे सावकार. त्यांच्या पेढीने औरंगाबादच्या फौजेच्या पगारासाठी दरमहा २ लाख रुपये पुरवायचे आणि त्याबदल्यात वर्षाला ३० लाखांच्या वसुलीच्या वराता घ्यायच्या, असा करार होता. म्हणजे २४ लाख देऊन ३० लाख. शाळकरी मुलालाही यातले व्याज काढता येईल! लग्नापूर्वीच ती पेढी बुडाली होती. फौजेचा खर्च मात्र बुडाला नाही.

तो थकत गेला, कर्ज वाढले आणि १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख त्यापोटी लावून घेतला. नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आला तो टेलर. सासऱ्याने ज्या निजामी फौजेचा पगार व्याजाने पुरवला, तिचाच पगार जावयाने बोरी नदीकाठच्या कुणब्याच्या साऱ्यातून उभा करायचा होता! हे दोन धागे त्याने कुठे एकत्र गुंफलेले मला तरी दिसले नाहीत. या चरित्रातले हे मोठे न्यून आहे.

पण माणूस कोरडा नव्हता. नळदुर्गात त्याने जमिनीची मोजणी हाती घेतली. रयतेविषयी तो लिहितो त्यात तुच्छता नाही. विशीच्या आत-बाहेर पोलिस कामावर असताना पाहिलेले तुळजापूर त्याच्या मनातून गेले नाही. १८६३ ची ‘तारा’ तिथेच घडते. कादंबरी लांबली आहे, नायिका जरा अश्रूंनी भिजलेली आहे. पण घाटाच्या कुशीतले ते देवीचे देऊळ डोळ्यांनी पाहिलेल्याचेच आहे.

१८६० साली नळदुर्ग निजामाला परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. टेलर त्याच वर्षी मायदेशी गेला. १८७६ साली तो वारला आणि पुढल्या वर्षी मुलीने त्याचे आत्मचरित्र छापून काढले. कोणी ते मिळवलेच, तर ठगांची पाने मागे ठेवून आधी नळदुर्गची वाचावीत.