दम आणि घड्याळ

खेळाची समीक्षा करावी असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटत नाही. खेळाचे वृत्त येते, खेळाडूंचे कौतुक होते, पराभवानंतर चार दिवस चडफडाटही होतो. परंतु नाटकाचा प्रयोग पाहावा आणि त्यातले बरेवाईट निवडून सांगावे, तसे खेळाच्या वाट्याला येत नाही. त्यातून तो खेळ दूरचित्रवाणीवरचा असला म्हणजे खेळ कोठे संपला आणि प्रयोग कोठे सुरू झाला, हेच कळेनासे होते. प्रस्तुत लेखात अशा एका प्रयोगाचा विचार करावयाचा आहे. तो बहुतेक वाचकांनी घरच्या घरी, केबलवाल्याच्या कृपेने, रात्रीचे ताट पुढ्यात घेऊन पाहिलेला असेल. त्याचे नाव प्रो कबड्डी लीग.

कबड्डी हा आपल्या घरचा खेळ. त्याला आपण हुतूतू म्हणत होतो, दक्षिणेत चेडुगुडू म्हणत, बंगाल्यात हाडुडू म्हणत. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे हा खेळ करून दाखवला. शंकरराव साळवी, म्हणजे सर्वांचे बुवा साळवी, यांनी तर आपले आयुष्यच या खेळाला वाहिले. लालबाग-परळच्या गल्ल्यांत आणि कोकणातल्या गावांत तो पिढ्यान् पिढ्या खेळला गेला. पुढे महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया यांसारख्या आस्थापनांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन त्यांच्या घरच्या चुली पेटत्या ठेवल्या. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक आणले. इतके सगळे असूनही शहरातला मध्यमवर्गीय माणूस कबड्डीकडे गरिबाघरच्या नातलगाकडे पाहावे तसे पाहत असे. ओळख होती, परंतु चारचौघांत ती सांगण्याची हौस नव्हती.

ही ओळख उजळ माथ्याने सांगण्याची वेळ आणली ती दूरचित्रवाणीच्या एका कंपनीने. स्टार इंडियाने २०१२ साली ईएसपीएनबरोबरची भागीदारी संपवली आणि २०१३ मध्ये आपल्या क्रीडावाहिन्यांना स्टार स्पोर्ट्स हे एकच नाव दिले. वाहिन्या झाल्या, आता त्या भरावयाच्या कशाने? क्रिकेटचे प्रक्षेपणहक्क दर लिलावाला महाग होत होते, आणि क्रिकेट काही बाराही महिने चालत नाही. अशा वेळी आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या संस्थेची कबड्डीची कल्पना पुढे आली. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीला पहिला सामना झाला. संघ आठ होते. हा पहिला हंगाम त्रेचाळीस कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले, आणि जाहिरातदार खडबडून जागे झाले.

आता प्रयोगाच्या गुणांकडे वळू. पहिला गुण असा की, या प्रक्षेपणाने कबड्डीतली पकड प्रथमच नीट दाखवली. मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्याला चढाईपटू दिसे. बचाव करणाऱ्या सात जणांची मनोमन चाललेली मसलत दिसत नसे. वरून आणि बाजूने रोखलेल्या कॅमेऱ्यांनी ती दाखवली. डावा कोपरा घोट्यावर केव्हा झेप घालतो, साखळी केव्हा मिटते, चढाईपटूचे बोट मध्यरेषेला लागण्यापूर्वी किती बोटांचे अंतर उरले होते, हे संथ गतीने पुन्हा दाखवल्यावर कळू लागले. ज्या आजीबाईंनी जन्मात मैदान पाहिले नाही त्याही ‘अव्वल पकड’ म्हणजे काय, हे नातवाला समजावून सांगू लागल्या. कोणत्याही कलेचा रसिक घडवणे हे मोठे काम असते. ते येथे झाले, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसरा गुण खेळाडूंच्या संसाराचा. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेशकुमारसाठी लागली. ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ मध्ये इराणचा फझल अत्राचली यू मुंबा संघासाठी १ कोटीला गेला आणि त्याच लिलावात मोनू गोयतची बोली १ कोटी ५१ लाखांवर थांबली. २०२२ मध्ये पवन सेहरावतने २ कोटी २६ लाखांचा टप्पा गाठला. ज्या खेळात ढाल, चषक आणि फार तर एखादी नोकरी यापलीकडे काही मिळत नसे, त्यात हे पैसे आले याचा आनंद न मानणारा टीकाकार दुष्टच म्हणावा लागेल.

तथापि प्रयोगाची संहिता बदलली, आणि त्या बदलाची चर्चा कोणी केली नाही. कबड्डीचा जीव दमात आहे. एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरावे आणि दम तुटण्यापूर्वी परतावे, हा त्या खेळाचा गाभा. जगातल्या बहुतेक खेळांत वेळ मोजण्याचे साधन खेळाडूच्या बाहेर असते. कबड्डीत ते त्याच्या छातीत होते. किती वेळ उरला आहे, हे त्याचे त्यालाच ठाऊक. पंच कानाने निवाडा करीत असे. लीगने चढाईला तीस सेकंदांची मर्यादा घातली आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ आणून ठेवले. नियमाप्रमाणे दम आजही घ्यावा लागतो. परंतु पाहणारा त्याकडे लक्ष देत नाही, आणि संगीत, भोंगे व समालोचक यांच्या गदारोळात तो कानी पडणेही कठीण. खेळाचा प्राण होता तो आता खेळाचा अलंकार होऊन बसला आहे.

या बदलामागे काहीच कारण नव्हते असे नाही. आघाडीवर असलेला संघ पूर्वी पोकळ चढाया करून वेळ काढीत असे आणि प्रेक्षक कंटाळत. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाही तर चढाईपटू बाद, हा नियम त्या दुखण्यावरचा उत्तम उतारा आहे. नाट्य म्हणूनही तो सकस आहे, कारण दर तिसऱ्या चढाईला काहीतरी घडणे अपरिहार्य होते. परंतु उतारा कोणासाठी काढला, हेही पाहावयास हवे. दमाला वेळापत्रक नसते, जाहिरातीला असते. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि तीस सेकंदांची चढाई, या हिशेबात सामना रात्रीच्या मालिकेइतका आटोपशीर बसतो. खेळ सुधारला आणि सोयीचाही झाला. यांपैकी कोणत्या हेतूने हात घातला गेला, ते विचारण्याचा अधिकार रसिकाला असला पाहिजे.

येथेच प्रक्षेपणहक्कांचा प्रश्न येतो. तो वकिलांचा विषय म्हणून आपण सोडून देतो, पण तो समजावयास अवघड नाही. कोकणात आंब्याची बाग मोहोरावर देतात. व्यापारी पैसे आगाऊ मोजतो आणि त्या हंगामाचे फळ त्याचे होते. बाग मात्र बागवाल्याचीच राहते. प्रक्षेपणहक्क हा असाच एका हंगामाच्या फळाचा सौदा असतो. कबड्डीत मात्र व्यापाऱ्याने बागच घेतली. २०१५ साली स्टारने मशाल स्पोर्ट्सचा ७४ टक्के हिस्सा विकत घेतला. पुढे २०२१ मध्ये लीगच्या पाच हंगामांचे हक्क लिलावात निघाले आणि सुमारे ९०८ कोटी रुपयांना ते स्टारकडेच गेले. म्हणजे स्पर्धा भरवणारा, ती दाखवण्याचा हक्क विकणारा आणि तो हक्क विकत घेणारा, या तिन्ही ठिकाणी एकच घर उभे! त्यानंतर पडद्यावर समालोचक म्हणून जो बोलतो त्याचाही पगार त्याच घरातून निघतो. मग एखादा सामना रटाळ झाला, पंचाचा निवाडा चुकला, हंगाम लांबला, तर ते सांगावे कोणी? आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचे समालोचन करणाऱ्या बाळ ज. पंडितांचा शब्द लोकांना प्रमाण वाटे, कारण खेळात त्यांना काही विकावयाचे नव्हते. आजच्या समालोचकाला प्रत्येक चढाई ऐतिहासिक ठरवावी लागते, आणि सगळेच ऐतिहासिक झाले की इतिहास उरत नाही.

मालकाची मर्जी हा किती मोठा नियम असतो, ते स्त्रियांच्या कबड्डीने अनुभवले. २०१२ साली पाटण्याला झालेला स्त्रियांचा विश्वचषक भारताने जिंकला; त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघीजणी होत्या. २०१६ साली स्टारने स्त्रियांची एक छोटी स्पर्धा भरवली. संघ तीनच होते. अंतिम सामना ३१ जुलैला हैदराबादेत झाला आणि निसटत्या फरकाने निकाल लागला. पाहणाऱ्यांना वाटले, आता मुलींचेही दिवस आले. दुसऱ्या वर्षी ती स्पर्धा भरली नाही. उलट २०१७ मध्ये पुरुषांचे संघ आठांचे बारा झाले आणि सामन्यांची संख्या १३८ वर गेली. स्त्रियांच्या खेळात काय उणे होते, हे कोणी सांगितले नाही. सांगण्याचे बंधनही कोणावर नव्हते. ज्या मुलीने त्या पावसाळ्यात टीव्हीपुढे बसून अभिलाषासारखे होण्याचे मनाशी ठरवले असेल, तिच्यापुढचा पडदा एका हंगामात काळा झाला. या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा तोटा प्रस्तुत लेखकाला हा वाटतो. कंपनीच्या ताळेबंदात तो कोठेही दिसणार नाही.

महामारीच्या काळात, डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, लीगचा आठवा हंगाम बंगळूरच्या एका हॉटेलात प्रेक्षकांविना झाला. प्रसंग आणीबाणीचा होता, त्याबद्दल दोष देणे गैर होईल. परंतु त्या हंगामाने एक गोष्ट उघड केली. ज्या खेळाला माती सोडून मॅट मिळाली होती, त्याला आता गर्दीवाचूनही चालले. कॅमेरा असला म्हणजे पुरे. खेळ गावातून स्टेडियमात आला, तेथून बंद दालनात गेला. मालकीही एका अमेरिकन कंपनीकडून २०१९ मध्ये डिस्नेकडे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सबरोबरच्या विलीनीकरणातून जिओस्टारकडे गेली. एवढ्या उलथापालथीत हुतूतू खेळणाऱ्या गावाला कोणी काही विचारले नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते. पैसे कंपनीने घातले, जोखीम कंपनीने घेतली, तेव्हा तुम्हांला नको असेल तर वाहिनी बंद करा. युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण तो अर्धाच आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. लहरी सर्वांच्या, आणि कबड्डी कंपनीने निर्माण केलेली नाही, तीही सर्वांचीच. दोन सार्वजनिक वस्तू एकत्र आणून त्यांतून नफा मिळवण्यास हरकत नाही, पण त्यांचे काही देणेही लागते. वर ग्राहक फुकट पाहत नाही: २०१९ मध्ये वाहिन्यांचे सुटे दर लागू झाले, तेव्हा स्टार स्पोर्ट्सच्या मुख्य वाहिनीला महिना १९ रुपये अधिक कर मोजावे लागत होते.

हे देणे फार मोठे नाही. स्पर्धेची मालकी आणि प्रक्षेपणाचा हक्क ही दोन दुकाने वेगळी असावीत, म्हणजे हिशेब तपासणारा कोणीतरी उरेल. समालोचकाला वाईट सामन्याला वाईट म्हणता यावे. पुरुषांचे बारा संघ पोसणाऱ्या वाहिनीने वर्षातून एक महिना मुलींना द्यावा. आणि शेवटी एक अगदी साधी गोष्ट: चढाई चालू असताना क्षणभर संगीत थांबवावे, म्हणजे दम ऐकू येईल. घरोघरी टीव्हीपुढे बसलेल्या पोरांना कळेल की, कोपऱ्यातल्या घड्याळाच्या आधीपासून हा खेळ एका माणसाच्या श्वासावर चालत आला आहे.