खेळातून कृतिपत्रिकेत : इंग्रजी शब्दरचनेच्या खेळांचा पुनर्विचार

महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, सुरू झाला. त्या वेळचा वाद मुख्यतः इंग्रजी केव्हा शिकवावे याविषयी होता. इंग्रजी शब्द आणि त्याचे स्पेलिंग मराठी मुलाच्या मनात कसे रुजावे, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. पुढे पाठ्यपुस्तकांत शब्दांचे खेळ आले, आणि २०१८-१९ पासून लागू झालेल्या दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत त्यांना थेट गुण मिळाले. दिलेल्या शब्दातील अक्षरांपासून किमान तीन अक्षरी चार शब्द तयार करणे, नामांची शब्दसाखळी पूर्ण करणे, गाळलेली अक्षरे भरणे अशा प्रत्येक कृतीला दोन गुण. हेतू स्तुत्य होता, यात शंका नाही. परंतु खेळ परीक्षेत आला तेव्हा त्यातील नेमके काय बाहेर राहिले, याचा विचार करणे आवश्यक वाटते.

शब्दसाखळीचे उदाहरण घेऊ. मराठी मुलाला ही कल्पना नवी नाही. भेंड्या त्याने घरातच शिकलेल्या असतात. परंतु भेंड्या हा कानाचा खेळ आहे, तर इंग्रजी शब्दसाखळी हा डोळ्याचा. 'पाइप' म्हटल्यावर मराठी कानाला शेवटी 'प' ऐकू येतो आणि तो 'पंप' सुचवतो. स्पेलिंगच्या शेवटी मात्र 'ई' उभा असतो. केबल, व्हॉल्व, फ्यूज, मशीन, टेबल या साऱ्यांच्या शेवटी हाच न उच्चारला जाणारा 'ई' आहे. धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातल्या मुलाच्या तोंडी हे शब्द लहानपणापासून असतात. ते त्याला इंग्रजी म्हणून शिकवावे लागत नाहीत. केवळ दाखवावे लागतात. 'पाइप'नंतर 'इंजिन' यावे तर त्याची सुरुवात 'आय'ने नव्हे, 'ई'ने होते आणि शेवटही 'ई'नेच, हे त्याला साखळीत अडल्यावर कळते. मग 'इलेक्ट्रिसिटी', त्याच्या 'वाय'वरून मार्केट यार्डातला 'यार्ड', त्याच्या 'डी'वरून 'ड्रिप'. प्रस्तुत लेखकाने पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात ही साखळी फळ्यावर मांडली तेव्हा 'इंजिन'पाशी बराच वेळ वाद झाला. तो वाद हाच त्या तासाचा खरा पाठ होता. उमरगा, लोहारा, तुळजापूर या भागांत घरची भाषा कन्नड किंवा गोरमाटी असणारे विद्यार्थीही वर्गात असतात. इंग्रजी ही त्यांची खऱ्या अर्थाने तिसरी, कधी चौथी भाषा. त्यांना तर व्याख्येपेक्षा असा अडथळाच अधिक शिकवतो.

कृतिपत्रिकेत हा अडथळा उरत नाही, कारण तेथे समोर कोणी नसते. 'असा शब्दच नाही' म्हणणारा प्रतिस्पर्धी नसतो, शब्दकोश उघडण्याची वेळ येत नाही, अर्थ विचारला जात नाही. 'टेंपरेचर'सारख्या शब्दातून एखाद्याने रॅट, ईट, मॅप, पेट असे दुसरी-तिसरीतच येणारे चार शब्द काढले तरी दोन गुण. दुसऱ्याने रिपीट, मॅच्युअर, रॅप्चर शोधले तरी तेवढेच. साहजिकच शिकवणीवर्गांतून पहिलाच मार्ग शिकवला जातो. पूर्ण गुण मिळतात, पण शब्दसंग्रह तिळमात्र वाढत नाही. येथे आपल्याच 'नाव-गाव-फळ-फूल' या खेळाची आठवण व्हावी. दोघांनी एकच उत्तर लिहिले तर त्यात गुण निम्मे होतात. म्हणून मूल सर्वांना सुचेल ते टाळून दुर्मीळ नाव शोधते. कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने न आखलेला हा नियम आपल्या मूल्यमापनापेक्षा अधिक शहाणा आहे, असे म्हणावेसे वाटते.

स्क्रॅबलच्या मुळाशीही हाच विचार आहे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वृत्तपत्रांतील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून आपला खेळ बेतला. 'स्क्रॅबल' हे नाव त्याला १९४८ साली मिळाले. इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत 'ई' बारा, 'ए' आणि 'आय' प्रत्येकी नऊ, तर 'क्यू' आणि 'झेड' एकेकच. या दोघांना प्रत्येकी दहा गुण. आपल्या शाळांत हौसेने केलेल्या पुठ्ठ्याच्या संचात पुष्कळदा सव्वीस अक्षरांची सव्वीस कार्डे असतात. त्यांत 'ट्री' लिहायलाही दुसरा 'ई' मिळत नाही, आणि मुले लवकरच कंटाळतात. दोष मुलांचा नसून मोजणीचा असतो.

हँगमनविषयीही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. अक्षर चुकले की फळ्यावर फाशीच्या दोराचे चित्र पुढे सरकते. शेतकरी आत्महत्यांचे दुःख ज्या जिल्ह्याने पाहिले आहे, तेथील वर्गात हे चित्र काढणे प्रस्तुत लेखकाला अनुचित वाटते. विहिरीतली पाण्याची पातळी एकेक परस खाली नेली तरी खेळ तोच राहतो.

२०१८ साली केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत तेव्हाच्या उस्मानाबादचा समावेश झाला आणि शिक्षण हा त्यातील मोजमापाचा एक विषय होता. मोजमापाला विरोध नाही. परंतु शब्दखेळाला गुण द्यायचेच असतील तर ते वर्गांतर्गत मूल्यमापनात, चार जणांच्या गटात, हाताशी शब्दकोश ठेवून द्यावेत. शब्द मांडणाऱ्याने तो वाक्यात वापरून दाखवावा, इतरांना न सुचलेल्या शब्दाला दुप्पट गुण असावेत आणि आक्षेप खरा ठरल्यास आक्षेप घेणाऱ्यालाही गुण मिळावेत. साहित्याचा खर्च नगण्य आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर शंभर कार्डे सहज होतात. फक्त त्यांतील बारांवर 'ई' लिहायला विसरू नये.