दहाव्या प्रकरणाची वाट

केनेथ रोझेन यांचं 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स अँड इट्स ॲप्लिकेशन्स' हे पुस्तक १९८८ साली पहिल्यांदा आलं. आम्ही वाचली ती आठवी आवृत्ती. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या मुलांना पदवीच्या वर्गात विविक्त गणित, म्हणजे सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित, शिकवताना हे जाडजूड पुस्तक कसं वापरावं, एवढाच प्रश्न मनात होता.

पुस्तक चांगलं आहे. स्वाध्याय भरपूर, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे. गणितज्ञांची छोटी चरित्रंही आहेत. आमची तक्रार क्रमाबद्दल आहे. पहिलं प्रकरण तर्कशास्त्राचं. सत्यता सारण्या आपल्या मुलांनी बारावीच्या विज्ञान शाखेत भरलेल्याच असतात. इथे त्या पुन्हा भरायच्या. 'जर' खोटं असेल तर अख्खं विधान खरं, हे मूल पाठ करतं. ते कशासाठी, हे मात्र कळत नाही. आलेख, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, येतात थेट दहाव्या प्रकरणात. रंगभरण तर त्याच्याही शेवटी. तिथवर पोचेपर्यंत सत्र संपायला येतं.

आम्ही सुरुवात तिथूनच करू. जिल्ह्याचा नकाशा घ्या. तालुके सहा. शेजारच्या तालुक्यांना एकच रंग नको. किती रंग लागतील? नंदुरबार आणि अक्राणी लाल, तळोदा आणि नवापूर हिरवे, शहादा आणि अक्कलकुवा पिवळे. जमलं, तीन पुरले. मग विचारावं, दोनात का नाही जमणार? "करून पाहिलं, जमलं नाही" हे उत्तर मुलं हमखास देतात, आणि ते चालणार नाही. जर दोन रंग पुरत असतील, तर तळोदा, शहादा आणि नंदुरबार या तिघांपैकी दोघांचा रंग एकच होणार. पण हे तिघे तर एकमेकांना लागून आहेत! इथे 'जर-तर' आपणहून येतं. पहिल्या प्रकरणाची गरज आता पटते. ते वगळा असं आम्ही म्हणत नाही. त्यातली परिमाणकं आणि सिद्धतेच्या पद्धती तर हव्यातच, पण गरज निर्माण झाल्यावर.

कोणत्याही सपाट नकाशाला चार रंग पुरतात, हे ॲपल आणि हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलं. पण रोझेन याच भागात परीक्षांच्या वेळापत्रकाचं उदाहरण देतात, ते जास्त कामाचं आहे. विषय म्हणजे बिंदू, ज्या दोन विषयांना एक तरी सामाईक विद्यार्थी असेल ते रेषेनं जोडायचे, आणि रंग म्हणजे परीक्षेची वेळ. आपल्याच महाविद्यालयाच्या याद्या घेऊन हे करता येतं. मात्र हा नकाशा नव्हे, त्यामुळे चाराची हमी नाही. एकाच मुलीनं पाच विषय घेतले असतील, तर तेवढ्यानंच पाच वेगळ्या वेळा लागल्या.