निवेदनातली गुलामगिरी आणि भट्टीवरची उचल

माझा एक जुना विद्यार्थी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी-पगार पाहण्याच्या कामावर आहे. एका रविवारी तो चार पानांचा मजकूर घेऊन घरी आला. ‘सर, एवढं मराठी तपासून द्या. गाळ्यात भिंतीवर लावायचं आहे,’ म्हणाला. कारखाना ज्या परदेशी कंपनीला माल पुरवतो, तिचे ते ‘आधुनिक गुलामगिरी प्रतिबंधक निवेदन’ होते. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला बसलो आणि पहिल्याच परिच्छेदात अडलो. चूक व्याकरणाची नव्हती.

कंपनीचे नाव येथे सांगण्याची गरज नाही. अशी निवेदने एकमेकांची नक्कल वाटावी इतकी सारखी असतात. म्हणूनच त्यांना एक वाङ्मयप्रकार मानून तपासता येते. कविता, कथा, आत्मकथने यांची चिकित्सा आपण करत आलो आहोत. पण कामगाराच्या डोक्यावर भिंतीला टांगला जाणारा मजकूरही मजकूरच आहे. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात काय आले आणि काय गाळले, हे विचारणे समीक्षेचेच काम आहे.

प्रथम त्याचा उगम पाहू. ब्रिटनमध्ये २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक आहे, तिने आपल्या धंद्यात व पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय पावले उचलली, ते दरवर्षी जाहीर करावे, असे त्याचे ५४ वे कलम सांगते. ‘आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत’ असे जाहीर केले तरी कलमाची पूर्तता होते. निवेदन न काढल्यास या कलमात दंड नाही. फार तर सरकार न्यायालयाकडून आदेश मागू शकते. निवेदनात काय असावे याची यादी कायद्यात आहे, तीही ऐच्छिक: कंपनीची रचना, धोरणे, तपासणी, जोखीम, परिणाम, प्रशिक्षण. मालाला भाव काय दिला, हा मुद्दा त्या यादीत नाही.

आता भाषेकडे येऊ. निवेदनातल्या वाक्यांना कर्ताच नाही. शोषण ‘आढळल्यास’ कार्यवाही ‘केली जाते’. कोणी शोषण केले? कार्यवाही कोण करतो, आणि कोणावर? आमच्या आत्मकथनांत असे होत नाही. ‘बलुतं’ असो, ‘उपरा’ असो, राबवणारा तिथे माणसाच्या रूपात उभा असतो. निवेदनात ‘जोखीम’ हा शब्द पानोपानी येतो. पण ती जोखीम कंपनीच्या नावाची आहे, मजुराच्या जिवाची नव्हे. आणि ‘पुरवठा साखळी’ हा शब्द घडवणाऱ्याला त्यातली साखळी ऐकू आली नसावी.

‘आधुनिक’ हे विशेषणही तपासले पाहिजे. जुनी गुलामगिरी संपली आणि ही कुठली तरी नवी निघाली, असा त्याचा ध्वनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. तिथल्या निग्रोंचे दुःख आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख त्यांनी एका शब्दात आणले. परदेशी कंपनीचा तोच शब्द आज दीडशे वर्षांनी आपल्याकडे येतो तेव्हा त्यातून जात गळून पडलेली असते. चार पानांत ‘जात’ हा शब्द मला एकदाही सापडला नाही.

आमच्या कायद्याला मात्र जात दिसली होती. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने वेठबिगाराची व्याख्या करताना आगाऊ घेतलेली रक्कम, रूढी आणि वारसा यांच्या जोडीला विशिष्ट जातीत वा जमातीत झालेला जन्म हेही कारण नोंदवले आहे. आपले श्रम बाजारभावाने विकण्याचा हक्क गेला, मनास येईल तिथे जाण्याचा हक्क गेला, की माणूस वेठीला लागला, असे तो मानतो. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, असे सिद्ध करण्याचा भार या कायद्याने सावकारावर टाकला. निवेदनाने काय केले? तक्रारीसाठी एक टेलिफोन नंबर दिला. म्हणजे भार पुन्हा मजुरावर!

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या संदर्भात विधेयक मांडले. वतनदाराचे काम कोणते, मोबदला किती, आणि यातून मोकळे व्हायची वाट कोणती, या तीन गोष्टी कायद्याने ठरवाव्यात, हा त्याचा गाभा होता. गुलामगिरीविषयीचा कोणताही मजकूर तपासायला माझ्या मते हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

हे प्रश्न घेऊन तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातल्या एका वीटभट्टीवर जाऊ. मी काही विद्यार्थ्यांसह तिथे गेलो होतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा कातकरी कुटुंब उचल घेते. दिवाळीनंतर ते भट्टीवर येते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत राबते. दर आठवड्याला खर्ची मिळते, ती पोटापुरतीच. शेवटी हिशेब होतो. उचल किती, असे एकाला विचारले. तो म्हणाला, ‘वहीत आहे.’ वही कोणाकडे? ‘शेटकडं.’ त्याची बायको आणि थोरली मुलगी विटा थापत होत्या, पण वहीत नाव एकट्या त्याचे. काम किती, मोबदला किती, सुटका केव्हा, तिन्ही उत्तरे त्या वहीत आणि वही दुसऱ्याच्या हातात.

आपल्या निवेदनाला ही भट्टी माहीतच नाही. ते गाळ्यातला माल मोजते. गाळ्याची भिंत कोणी थापलेल्या विटांची आहे, हे त्याच्या साखळीत बसत नाही.

याच जिल्ह्यात याहून सरस मजकूर पूर्वी तयार झालेला आहे. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारली जमले आणि वेठ करणार नाही, बारा आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या शेतावर जाणार नाही, असे त्यांनी ठरवले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी त्यांच्यात होते. त्याच वर्षी गवत कापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ते गवत मुंबईच्या म्हशींच्या गोठ्यांकडे जाई. मुंबईकराच्या दुधामागे वारल्याचा विळा होता. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारली मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा लढा आला आहे. त्या मागण्यांत आकडा आहे, वजन आहे, नकार आहे. निवेदनात यांतले एकही नाही.

पुढे १९८२ साली याच वसई तालुक्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि वेठबिगार आदिवासींना १९७६ च्या कायद्याचा आधार मिळवून देऊ लागली. तरीही २०२१ साली मोखाड्यात एका कातकऱ्याने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याचा आरोप झाला आणि गुन्हा नोंदला गेला. याला कोणता विद्वान ‘आधुनिक’ म्हणेल?

माझा विद्यार्थी म्हणाला, ‘सर, काहीच नसण्यापेक्षा हे बरं नाही का? तपासणीवाले येतात म्हणून आमच्याकडं ओळखपत्रं अडकवून ठेवणं बंद झालं.’ त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. एका माणसाचे कागद त्याच्या हाती परत आले, तर तेवढे खरे. पण मी त्याला विचारले, ‘तपासणीनंतर मालाचा भाव वाढवून मिळाला का?’ तो हसला. भाव दरवर्षी पाडूनच मागतात, म्हणाला. मग पडलेला भाव कोठे जातो? कारखानदाराकडून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून चाळीतल्या बाईच्या जॉबवर्ककडे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय, आणि भुकेची सक्ती ही सक्तीच आहे. या कसोटीवर, जे निवेदन भाव सांगत नाही ते गुलामगिरीविषयी काहीच सांगत नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

आपणही आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटत नाही. आपल्या साहित्याने वतनाची वेठ मांडली, ती मोठी गोष्ट आहे. पण आपल्यातला शिकलेला मुलगा आज हजेरीपटाच्या बाजूला बसला आहे आणि त्याचा मास्तर निवेदनाचे शुद्धलेखन तपासतो आहे. कातकऱ्याच्या तोंडचा हिशेब आपल्या अंकांतून किती वेळा छापला गेला?

मी मजकूर सुधारून दिला. खाली तीन ओळी जोडल्या: तुमचा रोज किती, उचल किती उरली, सोडून जायचे तर कोण अडवतो, हे येथे लिहा. त्या ओळी भिंतीवर लागणार नाहीत, हे मला आणि त्यालाही ठाऊक होते. म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना विनंती करतो. १९७६ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असली पाहिजे, आणि तीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक सदस्य असले पाहिजेत. आपल्याकडे ते तिघे कोण, ते जिल्हाधिकारी कचेरीत विचारा. नावे मिळाली तर त्यांना भट्टीवर न्या. आणि तोवर मजुराच्या उचलीचा आकडा त्याच्याच वहीत, त्याच्या समोर बसून लिहून द्या.