त्या एका मताची बाजू

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा निकाल लागला. इचिरो सुझुकी या आउटफिल्डरला ३९४ पैकी ३९३ पत्रकारांनी मत दिलं. निवडून यायला ७५ टक्के मतं पुरतात, याला ९९.७ टक्के पडली. या हॉलमध्ये निवडला गेलेला तो पहिला जपानी खेळाडू. तरी चर्चा झाली ती त्या एका न पडलेल्या मताचीच. तो पत्रकार पुढे आला नाही. इचिरोने त्याला घरी येऊन आपल्यासोबत एक पेग घ्यायचं आमंत्रण दिलं आणि लोक हसून मोकळे झाले.

मला त्या न पडलेल्या मताबद्दल कुतूहल आहे. मतपत्रिकेवर दहाच नावं लिहिता येतात, म्हणून असेल. नुसता खोडसाळपणाही असेल. पण समजा, त्या माणसाने प्रामाणिकपणे विचार करून हे नाव गाळलं असेल, तर त्याचा युक्तिवाद काय असेल? कौतुकाचा पूर आलेला असताना एखाद्या कारकिर्दीकडे नीट बघायचं, तर तिच्या विरुद्धची बाजू आधी भक्कमपणे मांडून बघावी.

त्याआधी थोडी ओळख. इचिरोचा जन्म १९७३ चा, आयची प्रांतातला. तो फेकतो उजव्या हाताने, पण फलंदाजी डावखुरी करतो. डावखुरा फलंदाज पहिल्या बेसच्या एक-दोन पावलं जवळ उभा असतो, हा हिशोब त्याच्या वडिलांनी लहानपणीच मांडला होता. ओरिक्स ब्लूवेव्ह या संघात त्याची पहिली दोन वर्षं बरीचशी दुय्यम संघात गेली, कारण प्रशिक्षकाला त्याची पाय झुलवून बॅट फिरवायची लकब पसंत नव्हती. १९९४ मध्ये प्रशिक्षक बदलला. नव्या प्रशिक्षकाने, अकिरा ओगीने, त्याला त्याच्या पद्धतीने खेळू दिलं, आणि पाठीवर आडनावाऐवजी नुसतं 'इचिरो' लिहायला लावलं. त्या वर्षी १३० सामन्यांत २१० हिट. तेव्हापासून सलग सात वर्षं लीगमधली सर्वोच्च सरासरी त्याचीच.

२००१ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो सिअॅटल मरिनर्सकडे गेला. जपानी पिचर अमेरिकेत आधी यशस्वी झाले होते, पण रोज मैदानात उतरणारा जपानी फलंदाज तिथे टिकेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. पहिल्याच मोसमात २४२ हिट, ५६ चोरलेले बेस, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही किताब. संघाने ११६ सामने जिंकले. एप्रिलमध्येच ओकलंडच्या मैदानावर त्याने उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर एक थ्रो केला. चेंडू जमिनीला न टेकता सरळ रेषेत आला आणि धावणारा टेरेन्स लाँग बाद झाला. तो व्हिडिओ आजही शोधून बघावा असा आहे.

आता विरुद्ध बाजू. ती मांडायला एकच वर्ष पुरतं : २००४.

त्या वर्षी इचिरोने २६२ हिट मारले आणि जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. पण त्या २६२ पैकी २२५ सिंगल होते, म्हणजे फटका मारून फक्त पहिल्या बेसपर्यंत पोचणं. त्यातले कितीतरी चेंडू इनफिल्डच्या बाहेरही गेले नाहीत. आणि त्याचा संघ? ६३ विजय, ९९ पराभव. चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रम एका हरणाऱ्या संघात मोडला गेला.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बॅरी बाँड्स नावाचा दुसरा एक आउटफिल्डर वेगळाच विक्रम करत होता. पिचरने चार चेंडू योग्य पट्ट्याबाहेर टाकले, तर फलंदाजाला बॅट न फिरवता पहिला बेस मिळतो. याला वॉक म्हणतात. बाँड्सला इतके घाबरत की त्याला त्या मोसमात २३२ वॉक मिळाले. इचिरोला ४९. बाँड्स दर शंभर वेळांपैकी जवळपास ६१ वेळा बेसवर पोचला, इचिरो ४१ वेळा. शिवाय बाँड्सचे होमरन ४५, इचिरोचे ८. आकडेशास्त्र मानणारे लोक म्हणणारच, की वॉक आणि सिंगल यांच्यात फार फरक नसतो, मग सिंगलचा एवढा गाजावाजा कशाला? आपल्याकडे सरासरी मोठी की स्ट्राइक रेट, यावर व्हॉट्सअॅप ग्रुप फुटतात, त्याच जातीचा हा वाद आहे. आणि तो निव्वळ भांडखोरपणा नाही. इचिरोला वॉक घेण्यात रस नव्हता, हे खरं आहे. त्याने चेंडू सोडला असता तर संघाला जास्त उपयोग झाला असता, असे प्रसंग नक्कीच आले असणार.

मग त्या पत्रकाराचं बरोबर होतं का? मला वाटतं, त्याचं गणित बरोबर होतं, पण त्याने अर्धाच खेळ मोजला.

एक तर इचिरो फक्त फलंदाज नव्हता. सलग दहा मोसम २०० किंवा जास्त हिट आणि त्याच दहा मोसमांत सलग दहा गोल्ड ग्लव्ह. अमेरिकेतल्या कारकिर्दीत ५०९ चोरलेले बेस. त्याच्या हाताच्या धाकाने जे धावपटू तिसऱ्या बेसकडे निघालेच नाहीत, त्यांची मोजदाद तर नेहमीच्या धावफलकात होतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वॉकमध्ये मैदानावर काहीच घडत नाही. पिचर आणि कॅचर सोडले तर बाकीचे सात जण उभे असतात. इचिरोने शॉर्टस्टॉपकडे साधा सरपटता चेंडू मारला, की सगळं मैदान जागं व्हायचं. शॉर्टस्टॉपला घाई करावी लागे, घाईत चूक होई, पहिल्या बेसवरचा माणूस ताणून उभा राही आणि प्रेक्षक श्वास रोखत. स्टेरॉइडच्या संशयाने झाकोळलेल्या त्या काळात सगळा खेळ होमरनभोवती फिरत होता. तेव्हा हा पाच फूट अकरा इंचांचा सडपातळ माणूस बेसबॉल हा धावण्याचा, नेम धरण्याचा आणि अंदाजाचाही खेळ आहे याची रोज आठवण करून देत होता.

हे नुसतं भक्ताचं बोलणं नाही, याचा पुरावा खुद्द लीगने दिला. वॉक, स्ट्राइकआउट आणि होमरन यांचं प्रमाण वाढत गेलं आणि खेळ कंटाळवाणा झाल्याची ओरड सुरू झाली. २०२३ मध्ये नियम बदलावे लागले. पिचरला घड्याळ लावलं, बेस मोठे केले, इनफिल्डर एका बाजूला गोळा करण्यावर बंधन आणलं. चेंडू जास्त खेळला जावा आणि लोक जास्त धावावेत, हाच हेतू. आकडेवाल्यांनी सामने जिंकण्याचा स्वस्त मार्ग शोधला, पण खेळ बघायला लोक का येतात याचं उत्तर इचिरोच्या बाजूचं निघालं. तो त्याच्या काळातला सर्वांत उपयुक्त फलंदाज नव्हता. सर्वांत बघण्यासारखा मात्र होता. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

माझी खरी तक्रार त्या पत्रकाराबद्दल नाहीच, ती भक्तांबद्दल आहे. इचिरोवर लिहिताना सामुराई, झेन, तपस्या हे शब्द इतके सहज येतात, की माणूस दिसेनासा होतो. वडिलांबरोबरचा लहानपणीचा रोजचा सराव ही गोड गोष्ट म्हणून सांगितली जाते. इचिरोने स्वतः मोठेपणी त्या दिवसांबद्दल बोलताना त्यातला त्रास लपवलेला नाही. हा खेळाडू ठरलेल्या वेळी ठरलेला व्यायाम करायचा, बॅटची निगा राखायचा, हे खरंच. पण त्याला 'पूर्वेचं गूढ' म्हणणं म्हणजे त्याच्या कष्टांचं श्रेय त्याच्या पासपोर्टला देणं. अमेरिकन खेळाडूने हेच केलं तर त्याला आपण व्यावसायिक म्हणतो.

पासपोर्टचा प्रश्न आकड्यांनाही चिकटला. जपानमधले १,२७८ आणि अमेरिकेतले ३,०८९ मिळून ४,३६७ हिट होतात. जून २०१६ मध्ये ही बेरीज पीट रोजच्या ४,२५६ च्या पुढे गेली, तेव्हा रोज वैतागला. असंच मोजायचं तर उद्या शाळेतले हिटही धरा, असा त्याचा सूर होता. मला ही बेरीज करावीशी वाटत नाही, पण रोजच्या कारणाने नाही. बेरीज केली की जपानमधली नऊ वर्षं अमेरिकन विक्रमाची पायरी होऊन बसतात. १९९५ च्या जानेवारीत कोबेच्या भूकंपात सहा हजारांवर माणसं गेली. त्या मोसमात ओरिक्सचे खेळाडू बाहीवर शहराला धीर देणारे शब्द लावून खेळले आणि लीग जिंकले, पुढच्या वर्षी जपान सीरीजही. त्या हिटची किंमत कोबेत विचारावी. तिला सिनसिनाटीच्या रोजची मान्यता लागत नाही.

इचिरोचा शेवटचा सामना २१ मार्च २०१९ ला टोकियो डोममध्ये झाला. वय पंचेचाळीस. आठव्या डावात त्याने शॉर्टस्टॉपकडे चेंडू मारला, तसलाच सरपटता, ज्यावर त्याने आयुष्यभर पहिला बेस गाठला होता. तो पूर्ण ताकदीने धावला. चेंडू थोडा आधी पोचला. त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाला नाही.

तो चेंडू धावफलकावर नुसता 'बाद' म्हणून नोंदला गेला. स्टेडियममधले हजारो लोक तरी उभे राहिले. ते कशासाठी उभे राहिले, हे त्या एका पत्रकाराला विचारायला मला आवडेल. तोही अर्थात तो पेग घेत असतानाच.