अब्बास लोधीला कुणी दाखला मागत नाही

पोलिसाने ओळख लपवून टोळीत शिरायचे, तिचा विश्वास मिळवायचा आणि अखेर त्याच विश्वासाचा घात करायचा, असे चित्रपट नव्वदच्या दशकाच्या आरंभी जगभर निघाले. हाँगकाँगमध्ये जॉन वू यांचा 'हार्ड बॉइल्ड' (१९९२) आला, आपल्याकडे गोविंद निहलानी यांचा 'द्रोहकाल' (१९९४). 'द्रोहकाल'मधल्या गोळीबारापेक्षा आम्हांला त्यातले एक नाव मोलाचे वाटते : अब्बास लोधी.

नसीरुद्दीन शाह यांचा अब्बास आणि ओम पुरी यांचा अभय सिंह हे दोघे पोलीस अधिकारी जिवलग मित्र. अतिरेक्यांच्या संघटनेत ते आपली माणसे पेरतात. पुढे म्होरक्या भद्रा हाती लागतो. पण तोच अभयला बायकामुलांच्या जिवाची धास्ती घालतो आणि अभय फुटतो. इथे द्रोह घडतो तो भीतीपोटी, धर्मापोटी नव्हे. अब्बास जिवानिशी जातो. पण देशप्रेमावर भाषण देत नाही आणि त्याच्याकडे निष्ठेचा दाखला कुणी मागतही नाही.

मुंबईची दंगल आणि मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट ताजे असताना हे पात्र पडद्यावर आले, हे विसरता येत नाही. पुढे 'सरफरोश' (१९९९) मधल्या इन्स्पेक्टर सलीमला आपली निष्ठा बोलून दाखवावी लागली. त्याच्या वेदनेत सच्चेपणा आहे, तरी खुलासा त्यानेच का द्यावा, हा सल आमच्या मनात राहतोच.

आमच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याला हा प्रश्न जुना आहे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची नोंद केली. रझाकारांच्या अत्याचारांची किंमत ज्यांचा त्यांच्याशी संबंध नव्हता अशा मुसलमानांनीही मोजली.

चित्रपटात उणिवा आहेत. आशीष विद्यार्थी यांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवावा इतका भद्रा जिवंत केला. पण त्याची चळवळ नेमकी कशासाठी, हे धूसरच राहते.

कमल हासन यांच्या 'कुरुदिप्पुनल' (१९९५) या तमिळ रूपांतरातही अब्बासचे नाव अब्बासच राहिले. आमच्या कथाकारांना एवढेच सांगणे आहे : तुमच्या कथेतला मुसलमान शिक्षक, तलाठी किंवा फौजदार त्याचे काम करताना दाखवा. त्याच्या तोंडी खुलासा घालू नका.