असमान चालींची सम बेरीज

ऊसतोडणी यंत्र फडात शिरलं की बघणाऱ्यांचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागतात. शेंडे उडतात, बुडखे कापले जातात, उसाच्या कांड्या होऊन शेजारच्या ट्रॉलीत पडत राहतात. माझी नजर मात्र चाकांवर जाते. कित्येक टनांचं हे धूड माणसाच्या चालीपेक्षा सावकाश सरकतं, ऊस दाट आला की आणखी रेंगाळतं, सरीच्या टोकाला थांबतं, मागे येतं, वळतं, आणि या सगळ्या वेळात इंजिनाचा आवाज जवळपास एकाच पट्टीत राहतो. गिअर बदलल्याचा खटका नाही, क्लच सोडल्याचा हिसका नाही. कारण इंजिन आणि चाकं यांना जोडणारा लोखंडी दांडाच इथे नाही. मध्ये आहे ते तेल, दोन होज पाइपांतून जाणारं आणि परत येणारं.

या रचनेला हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह म्हणतात. डांबर अंथरणारा पेव्हर, व्हायब्रेटरी रोलर, कम्बाइन हार्वेस्टर, जागच्या जागी गरकन फिरणारा छोटा स्किड लोडर, ही सगळी तिचीच मंडळी. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल मोटर फिरवतं. चाकापाशी ही मोटर दोन प्रकारे बसवता येते. एक म्हणजे लहान, वेगाने फिरणारी मोटर आणि तिचा वेग उतरवायला गिअरचा संच. दुसरा प्रकार म्हणजे मुळातच सावकाश आणि जोरकस फिरणारी मोठी मोटर, गिअरशिवाय, थेट चाकाच्या हबमध्ये. मला या दुसऱ्या मोटरचं रसग्रहण करायचं आहे, कारण माझ्या मते यंत्ररचनेत इतका घट्ट विणलेला घाट फार थोड्या ठिकाणी सापडतो.

आधी पंप. त्याच्या फिरत्या ठोकळ्यात सहसा नऊ पिस्टन वर्तुळात बसवलेले असतात आणि त्यांची टोकं एका तबकडीवर घसरत असतात. तबकडी आडवी असेल तर पिस्टन नुसते गोल फिरतात, आत-बाहेर होत नाहीत आणि तेल हलत नाही. ती थोडी कलती केली की प्रत्येक फेरीत पिस्टन थोडे आत-बाहेर होतात आणि थोडं तेल वाहतं. जास्त कलवली की जास्त तेल. उलट बाजूला कलवली की तेल उलटं वाहतं आणि गाडी मागे येते. वेग, दिशा आणि थांबणं या तिन्ही गोष्टी एका कोनात सामावल्या आहेत. ऑपरेटरच्या हातातला दांडा तो कोन तेवढा बदलतो. हा कोन शून्यावर आला की मोटरकडच्या तेलाला जायला वाट उरत नाही आणि गाडी ब्रेक न दाबताच अडून राहते. कायमची मात्र नाही. पिस्टनच्या कडेने थेंब-थेंब तेल झिरपतंच, म्हणून उभ्या गाडीसाठी स्प्रिंगच्या जोरावर लागणारा वेगळा ब्रेक असावाच लागतो.

आता मोटर उघडू. प्रत्यक्षात तिचे अनेक आकार मिळतात. मी आठ पिस्टन आणि सहा उंचवट्यांची मांडणी घेतो, कारण तिच्यातलं गणित बोटांवर मोजता येतं.

बाहेर पोलादाची जाड कडी, गाडीच्या सांगाड्याला पक्की. तिचा आतला कड गोल नाही. त्यावर सहा उंचवटे आणि सहा खोलगे एकाआड एक कोरलेले आहेत. ही कॅम रिंग. तिच्या पोटात सिलेंडरचा ठोकळा, जो चाकाबरोबर फिरतो. ठोकळ्यात आठ पिस्टन, मध्यापासून बाहेर तोंड करून बसलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यातल्या अर्धगोल खोबणीत एक रोलर. दाबाखालचं तेल पिस्टनच्या मागे आलं की तो रोलरला बाहेर रेटतो. रोलर त्या वेळी उंचवट्याच्या उतारावर असतो. उतारावर रेटल्यावर त्याला सरळ बाहेर जाता येत नाही. तो उतरणीने खोलग्याकडे घरंगळतो, आणि जाताना पिस्टनला, पिस्टनबरोबर ठोकळ्याला, ठोकळ्याबरोबर चाकाला पुढे नेतो. क्रँक नाही, कनेक्टिंग रॉड नाही. सरळ रेषेतल्या ढकलण्याचं गोल फिरण्यात रूपांतर करणारी गोष्ट एकच, त्या उताराचा तिरकेपणा.

एका फेरीत प्रत्येक पिस्टन सहा वेळा जोर लावतो. आठ पिस्टनांचे मिळून ४८ जोर. चार सिलेंडरांचं नेहमीचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत दोनदा जोर लावतं, हे आठवलं की या संख्येचं वजन कळतं. इंजिनाला ताकद दाखवायला धावावं लागतं. या मोटरला ती जागेवर उभी राहूनच दाखवता येते. समजा, एका फेरीत ती १ लीटर तेल घेते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तेलाच्या दाबातला फरक २५० बार आहे. गळती आणि घर्षण सोडून दिलं तर तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास ४,००० न्यूटन-मीटर भरतो. लहान मोटारीच्या इंजिनाचा टॉर्क साधारण ११० असतो. चाकाची त्रिज्या ६० सेंटिमीटर धरली तर एकेक चाक जमिनीला पावणेसातशे किलोच्या जोराने मागे रेटतं. मिनिटाला ६० लीटर तेल मिळालं तर चाक सेकंदाला एक फेरी घेतं, आणि त्यात खर्च होणारी शक्ती असते फक्त २५ किलोवॅट. वेग सोडून देऊन जोर घ्यायचा, हा सौदा गिअरबॉक्सही करते. इथे तो करायला एकही दातेरी चाक लागलेलं नाही.

पण जोर हा या रचनेचा निम्माच गुण. मला भुरळ पडते ती तिच्या सलग चालीची.

एकट्या पिस्टनकडे पाहिलं तर त्याची चाल अगदी असमान आहे. उंचवट्याच्या माथ्यावर तो क्षणभर थांबलेला असतो आणि काहीच देत नाही. उतारावर वेग घेतो, मध्यावर सर्वाधिक देतो, मग मंदावत खोलग्याच्या तळाशी पुन्हा थांबतो. पुढचा चढ तर तो नुसता तेल परत पाठवत चढतो. असे आठ जण एकत्र बांधल्यावर चाक धक्के खातच फिरायला हवं. ते तसं फिरत नाही, आणि याचं कारण ८ आणि ६ या आकड्यांमध्ये आहे.

पिस्टन एकमेकांपासून ४५ अंशांवर, उंचवटे ६० अंशांवर. हे न जुळणं मुद्दाम योजलेलं आहे. आठ पिस्टनांना आठ उंचवटे दिले असते तर सगळे एकाच वेळी माथ्यावर आले असते आणि मोटर तिथेच अडकली असती. ४५ आणि ६० यांच्या फरकामुळे आठ पिस्टन चार जोड्यांत वाटले जातात, आणि या जोड्या उंचवटे-खोलग्यांच्या लाटेवर १५-१५ अंशांनी मागे-पुढे असतात. आता उतार ३० अंशांचा. त्याचा आकार असा घडवता येतो की पहिल्या १५ अंशांत पिस्टनचा वेग शून्यापासून एकसारखा वाढेल आणि पुढच्या १५ अंशांत तसाच एकसारखा शून्यावर येईल. मग कोणत्याही क्षणी दाबाखाली चार पिस्टन सापडतात: दोन वेग घेणारे आणि दोन वेग टाकणारे. एक जोडी जेवढं टाकते नेमकं तेवढंच दुसरी घेते. बेरीज हलत नाही. कोकणात शिमग्याची पालखी चालता चालता खांदा बदलते तेव्हा एक खांदा भार उतरवत जातो, दुसरा तेवढाच उचलत जातो, आणि वर देवाला हिसका बसत नाही, तसं हे आहे. प्रत्यक्षातल्या कॅमचा आकार याहून गुंतागुंतीचा असतो, कारण रोलर आणि पोलाद यांच्यावरचा ताणही सांभाळायचा असतो. पण हिशोबाचं सूत्र हेच.

कुठल्या पिस्टनला केव्हा तेल द्यायचं, हे सांगणारा भाग म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याच्या तोंडावर बारा छिद्रं, एक दाबाचं, एक परतीचं, अशी आलटून-पालटून. ठोकळ्याचा सपाट चेहरा त्यावरून घसरत फिरतो. पिस्टनच्या मागची वाट दाबाच्या छिद्रावरून परतीच्या छिद्रावर जाते ती तो माथ्यावर किंवा तळाशी असताना, म्हणजे त्याचा वेग शून्य असतानाच. तेल वाहत असताना वाट कापली असती तर आत ठोके बसले असते. वाहणं थांबलेल्या क्षणीच वाट बदलायची, ही अदब मला फार आवडते.

अजून एक गोष्ट या मांडणीत दडलेली आहे. जोडीतले दोन पिस्टन नेमके समोरासमोर येतात. एक कडीला डावीकडे रेटतो, दुसरा तेवढ्याच जोराने उजवीकडे, आणि बेअरिंगवर या रेट्याचा भार उरत नाही. फिरवणारा जोर मात्र दोघांचा मिळून दुप्पट. ज्या शक्ती परस्परांना खोडून टाकायला हव्यात त्या खोडल्या जातात, ज्या मिळायला हव्यात त्या मिळतात.

आणि या सौंदर्याची किंमत कुठे मोजावी लागते तेही याच मांडणीत दिसतं. शेतातून रस्त्यावर आल्यावर गाडी थोडी जलद न्यायची असते. त्यासाठी सहापैकी एकाआड एक तीन उंचवट्यांना दाबाचं तेल देणं बंद करता येतं. एका फेरीला अर्धंच तेल लागतं, म्हणून तेवढ्याच तेलात चाक दुप्पट वेगाने फिरतं आणि टॉर्क अर्धा होतो. हिशोब मांडून पाहिला तर चालीची सलगता टिकते: एक पिस्टन वेग घेत असतो, एक टाकत असतो. पण हे दोघे आता समोरासमोर नसतात. त्यांच्यात १३५ अंशांचं अंतर असतं. लय राहिली, तोल गेला, आणि गेलेला तोल बेअरिंगने खांद्यावर घेतला. या मोटरच्या बेअरिंगा एवढ्या धिप्पाड का असतात, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. उरलेला भाग गाडीच्या वजनाचा, कारण चाक थेट मोटरवरच टांगलेलं असतं.

चिखलाची अडचण वेगळी. एका पंपाचं तेल दोन चाकांना वाटलं की वळणावर आतलं चाक आपोआप कमी तेल घेतं, बाहेरचं जास्त. डिफरन्शियलचं काम फुकटात होतं. पण तेल नेहमी सोपी वाट धरतं. पाणी दिलेल्या सरीत एक चाक घसरलं की सगळं तेल त्याच्याकडेच धावतं, ते गरगरत राहतं आणि कोरड्यावरचं चाक गप्प उभं. म्हणून तेलाचा वाटा बांधून देणारा व्हॉल्व मध्ये घालावा लागतो, आणि तो दाब थोडा खातोच.

तेलातून जोर नेण्याच्या या कल्पनेची वंशावळ लांब आहे. बंदिस्त द्रवातल्या दाबाचा नियम पास्कालचा. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. ब्रामाने १७९५ मध्ये त्यावरून प्रेस बनवली. पिस्टन आणि कलत्या तबकडीची तेलावर चालणारी रचना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम्स आणि जेनी यांच्या नावाने युद्धनौकांवर तोफा वळवायला आली. ट्रॅक्टरच्या चाकांपर्यंत पोचायला तिला आणखी अर्धं शतक लागलं: इंग्लंडमध्ये सिल्सो इथल्या कृषी अभियांत्रिकी संस्थेने १९५४ मध्ये तसा प्रायोगिक ट्रॅक्टर चालवून दाखवला. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये गॅस टर्बाइनवरचा एचटी-३४० हा ट्रॅक्टर केला. मिनिटाला ५७,००० फेऱ्या घेणारं ते टर्बाइन आणि नांगराची संथ चाल यांचा मेळ हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हने घातला होता. टर्बाइन मागे पडलं, पण ड्राइव्ह टिकला आणि १९६७ मध्ये त्याच कंपनीच्या ६५६ या मॉडेलमध्ये बाजारात आला. फ्रान्समध्ये १९२७ पासून शेतीची अवजारं बनवणाऱ्या जॉर्ज बातायच्या पोक्लेन कंपनीने पुढे हायड्रोलिक एक्स्कॅव्हेटर बनवले, आणि चाकात बसणाऱ्या कॅम-रोलर मोटरशी तिचं नाव कायमचं जोडलं गेलं. या यादीत शेती पुन:पुन्हा येते हे स्वाभाविक आहे. वेग पिकाच्या दाटीवर ठरवायचा आणि इंजिन मात्र कापणीच्या पात्यांसाठी एकाच गतीवर ठेवायचं, ही गरज शेतीइतकी तीव्र दुसरीकडे क्वचितच असते.

हा ड्राइव्ह सगळीकडे का नाही, याचं उत्तर तेलाच्या टाकीला हात लावला की मिळतं. ती गरम असते. चांगली गिअरबॉक्स इंजिनाची फार थोडी शक्ती वाया घालवते. इथे पंप, पाइप आणि मोटर मिळून साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, उष्णतेत जातो. तेल दाबलंही जातं: २५० बारला सुमारे दीड टक्का. शिवाय पिस्टन आणि सिलेंडर यांच्यातली फट काही मायक्रॉनांची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या किती तरी पट लहान. उसाच्या फडात धूळ आणि पाचटाचा भुगा सतत उडत असतो. फिल्टर बदलायला उशीर झाला, किंवा होज बदलताना तोंड उघडं राहिलं, तर जे आत जातं ते ठोकळ्याच्या घासून गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यावर ओरखडे ओढतं, आणि मग गळती वाढत जाते. ज्या गॅरेजात होजची तोंडं काढल्याबरोबर बूच लावून बंद केली जातात, तिथला मेकॅनिक मला निम्मा रसिकच वाटतो.

तासन्‌तास एका वेगाने डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला हा ड्राइव्ह देणं मला चूक वाटतं. पण तिथेही त्याला जागा सापडली आहे, आणि ती शोधणाऱ्यांनी मोटरच्या स्वभावाचा अचूक उपयोग केला. युरोपात बांधकामावर जाणाऱ्या काही ट्रकांची मागची चाकं नेहमीच्या गिअरबॉक्सवर चालतात आणि पुढच्या दोन हबांत या पिस्टन मोटर बसवलेल्या असतात. मान कंपनीच्या ट्रकांवर ही सोय हायड्रोड्राइव्ह नावाने मिळते. रस्त्यावर असताना मोटरच्या आवरणात हलका दाब देतात. त्याने सगळे पिस्टन ठोकळ्यात मागे ढकलले जातात, रोलर कॅमवरून उचलले जातात आणि मोटर जवळपास काहीही न खाता चाकाबरोबर फिरत राहते. खाणीच्या चढावर मागची चाकं घसरू लागली की ड्रायव्हर बटण दाबतो. पिस्टन बाहेर येतात, रोलर उतारावर टेकतात आणि पुढची चाकं ओढायला लागतात.